तोंडाची कोरड

कशफची बिस्मिल्ला झाली ते साल दोन हजार सहा. लेकरू चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याच्या तोंडून पहिला धडा म्हणवून घ्यायचा, ही गफ्फारच्या घराण्यातली जुनी रीत. बाप नाही म्हणून रीत थांबत नाही. पांढरकवड्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत सकाळीच माणसं जमली, मौलवीसाहेबांनी पोरीला जवळ बसवलं. पोरगी आधी अडखळली, मग लाजली, आणि शेवटी एकदम मोठ्यानं ओळ म्हणून मोकळी झाली. बायकांनी बताशे वाटले. गफ्फारनं आपला बताशा जिभेवर ठेवला आणि तो विरघळेना.

एवढंच झालं. दुसऱ्या कोणाला कळलंही नाही. बताशा ही काही चावायची वस्तू नव्हे. जिभेला लागला की त्यानं पाणी व्हावं. गफ्फार वाट पाहत राहिला. लोक मुबारक म्हणत होते, तो मान हलवत होता, आणि बताशा टाळूला खडूसारखा चिकटून बसला होता. त्यानं जीभ फिरवून पाहिली, तर पोत्यावर घासावी तशी ती टाळूवर घासली. मग त्या गर्दीत, अत्तराच्या वासात, त्याच्या मानेवरून काहीतरी थंड सरकत गेलं. हे कोरडं तोंड त्याच्या ओळखीचं होतं. मागच्या साली त्यानं ते बोट घालून पाहिलं होतं. फक्त ते तोंड त्याचं नव्हतं, फिरोजचं होतं.

फिरोज त्याचा एकुलता मुलगा, कशफचा बाप. हायवेच्या कडेला बापलेकाचं पाठीवरचे फवारणी पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. पुढून हैदराबादकडचे ट्रक जात, आत दोघं वायसर बदलत, वॉल म्हणजे झडपा बसवत. फवाऱ्याच्या टोकाच्या नोझलात कचरा अडकला की ते ओठांना लावून फुंकायचं, ही त्या धंद्यातली सगळ्यांचीच खोड. गफ्फारनं जन्मभर फुंकलं, त्याच्या उस्तादानं फुंकलं, शेतकरीही धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभा राहून फुंकतो. पण ते कापसाचे वाईट दिवस होते. अळी मरेना, म्हणून लोक हाती लागेल ते औषध एकमेकांत कालवत, आणि पंप धुऊन आणला असं सांगणारा प्रत्येक जण तो धुऊन आणतोच असं नाही. फिरोजनं एक नोझल फुंकलं, पुन्हा फुंकलं, तोंड पुसलं आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. घामानं सदरा भिजला, हात थरथरले, पोट बिघडून जुलाब लागले, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. दवाखान्यात त्याला सुया टोचत राहिले. तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं गफ्फारला सांगितलं, "चाचा, तोंडात बोट घालून पाहत राहा. ओलं लागलं की आवाज द्या. कोरडं पडलं म्हणजे दवा लागू झाली." गफ्फार बोट घालून पाहत राहिला. ओलं, ओलं, चिकट, आणि मग एकदम कोरडं. डॉक्टर आला, त्यानंही पाहिलं आणि म्हणाला, "आता बरं आहे." गफ्फारनं बाहेर जाऊन नमाज पढली, चहा घेतला. त्यानंतर फिरोजचा श्वास बसत गेला. तो कोरड्या तोंडानंच गेला.

म्हणून बताशा विरघळेना तेव्हा गफ्फारच्या डोक्यात एकाला एक जोडून हिशेब उभा राहिला, आणि तो त्याला मोडता येईना. तोंड कोरडं पडलं म्हणजे उतारा चालू आहे. उतारा चालू आहे म्हणजे आधी विष गेलं आहे. गळत नसलेल्या पंपाला कोणी नवा वायसर लावत नाही. मग आपल्या पोटात विष गेलं कधी? घातलं कोणी? आणि ज्यानं घातलं त्यालाच उतारा द्यायची बुद्धी काहून व्हावी? समोर जेबा, त्याची सून, पाहुण्यांपुढे शरबताचे पेले फिरवत होती. तिच्या हातातली तबकडी थरथरत होती. पेले एकमेकांना लागून किणकिणत होते. गफ्फारनं ते ऐकलं आणि मनात ठेवून दिलं.

गफ्फारला गोळ्या उन्हाळ्यापासून चालू होत्या. फिरोज गेल्यावर गफ्फारनं दुकान उघडलं नाही. हिवाळा तसाच गेला. तो खाटेवर बसून भिंतीकडे पाही, जेवण समोर ठेवलं तर जेवी, नाही ठेवलं तर मागत नसे, आणि पहाटे पहाटेच जागा होऊन छातीवर कोणी बसल्यासारखा पडून राही. शेवटी लालसिंग मधे पडला. लालसिंग जवळच्या तांड्यावरचा शेतकरी, जुनं गिऱ्हाईक आणि त्याहून जुना दोस्त. तो येऊन खाटेच्या काठावर बसला आणि म्हणाला, "गफ्फारभाई, यवतमाळले एक डॉक्टरीणबाई हाय. माही रुक्माबाई तिथंच जाते. पहिले डोळ्याले डोळा लागत नव्हता तिचा. आता अशी झोपते का बैल वावरात शिरला तरी उठत नाही. अन् उठली का भाकर शोधते. गोळीनं बाई जाड झाली, मी बारीक झालो." जेबा दाराआड हसली. गफ्फार हसला नाही. पण लालसिंगला नाही म्हणायचं त्राण नव्हतं, म्हणून गेला.

ती डॉक्टरीणबाई धर्मादाय दवाखान्यात बसायची. गोळ्या तिथंच फुकट मिळत. तिनं आधी विचारलं, "घरात कोण वारलं? कधी?" तो प्रश्न गफ्फारला पोलीस ठाण्यातल्यासारखा वाटला. फिरोज गेला तेव्हा दवाखान्यात हवालदारानंही असंच विचारलं होतं, कोण, कधी, काय खाल्लं, घरात भांडण होतं का. जेबानं तोंड उघडलं, तर बाईनं हातानं तिला थांबवलं. "त्यांनाच सांगू द्या. आज नाही तर पुढच्या वेळी." मग बाईनं समजावलं. डोक्यात नसांच्या मधे बारीक बारीक फटी असतात. एक नस फटीत औषधासारखं काहीतरी सोडते, दुसरी ते घेते, आणि उरलेलं पहिली नस परत ओढून घेते. दुःखानं, आजारानं कधी कधी तो कारभार बिघडतो, फटीत पुरेसं राहतच नाही. "तुमच्या पंपात परतीचा वॉल असतो ना चाचा? गोळी तो परत ओढणारा वॉल बंद करते. म्हणजे सोडलेलं थोडा वेळ तिथं राहतं. पण एका दिवसात काही होत नाही. दोन-तीन हप्ते लागतात, आणि त्रास आधी होतो, आराम मागून येतो." ही जुन्या जातीची गोळी आहे, असं ती म्हणाली. तिनं झोप येईल, तोंड कोरडं पडेल, पोट घट्ट होईल, डोळ्यापुढं धुकं येईल, लघवीला वेळ लागेल. कारण ती पाहिजे तो वॉल बंद करते, आणि नको तेही करते. "आणि एक. गोळ्या सुनेजवळ राहतील. ही गोळी जास्तीची पोटात गेली तर दिलाला धोका असतो."

बाईनं हे सगळं सांगितलं होतं. पण सांगितलं तेव्हा ते गफ्फारच्या कानावरून गेलं, आणि बताशानंतर जे आठवलं ते वाकडं होऊन आठवलं. तोंड कोरडं पडणार हे हिला आधीच कसं ठाऊक? मी पंपवाला, हे हिला कोणी सांगितलं? जेबानं. दिलाला धोका असलेली गोळी माझ्या हाती नाही, जेबाच्या ओढणीच्या गाठीत. दुनियेत कोणता आजारी माणूस असा आहे की त्याची दवा त्याच्यापासून लपवून ठेवतात? आणि जेबा नुसती गोळी देत नसे. समोर उभी राही, पाण्याचा पेला देई आणि म्हणे, "तोंड उघडा, अब्बा." गफ्फार तोंड उघडी. "जीभ वर." तो जीभ वर करी. तिचे डोळे त्याच्या तोंडात फिरत. अगदी असेच त्याचे डोळे फिरोजच्या तोंडात फिरत होते. आपण मरून राह्यलो का हे ती पाहते, असं त्याला वाटे. लगेच वाटे, नाही, बिचारी लेकरू आहे, आपणच सडलो आहोत. आणि मागून तिसरा विचार येई की बिचारी वाटावं म्हणूनच ती तशी वागते. हे तिन्ही विचार एकाच खाटेवर झोपत.

श्रावणात त्याची लघवी अडली. दुपारभर मोरीत भिंतीला डोकं टेकून उभा राहिला, शेवटी लालसिंगनं मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेलं. नळी घातल्यावर सुटका झाली. मग यवतमाळला डॉक्टरीणबाईनं जुन्या जातीची गोळी बंद केली. "तुमच्या वयाला नव्या जातीची बरी," ती म्हणाली. "ही एकच वॉल बंद करते, बाकीच्यांना हात लावत नाही. पण हिचे नखरे वेगळे. पहिले काही दिवस मळमळ होईल, पोट सैल होईल, घाम येईल, हात थरथरतील, जीव एका जागी थांबणार नाही. घाबरून सोडायची नाही, आणि सोडायची असली तर एकदम तर कधीच नाही. एकदम तोडली की चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, रडू फुटतं." लालसिंगनं मधेच विचारलं, "बाई, अजून किती जाती हायेत?" ती हसली. "रुक्माबाईंची तिसरी, झोप आणि भूक आणणारी. आणखी एक फार जुनी होती, ती घेणाऱ्याला खाण्याचं इतकं सांभाळावं लागे की एखादा जुना मुरलेला पदार्थ खाल्ला तरी रक्तदाब चढायचा. ती आता सहसा कोणी देत नाही." लालसिंग म्हणाला, "म्हंजे कापसाच्या बियाण्यावानीच झालं. नवी जात, नवे नखरे." मग बाई गफ्फारकडे वळली. "चाचा, आज सांगता का? घरात कोण वारलं, कधी?" गफ्फारनं खिडकीबाहेर पाहिलं.

नवी कॅप्सूल अर्धी हिरवी, अर्धी पांढरी होती. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला घाम फुटला. पोट बिघडलं. दाढीला लावलेला वस्तरा हातात थरथरला. गफ्फार तसाच पाटावर बसून राहिला, अर्ध्या गालाला साबण, आणि त्याला फिरोजचा भिजलेला सदरा दिसला. घाम, थरथर, पोट. आधी उतारा दिला, आणि आता विष. उलटं काम! पण विचार केला तेव्हा ते उलटंही वाटेना. आधी माणसाची खात्री पटवायची, गोळी घ्यायची सवय लावायची, तोंड उघडायची सवय लावायची, आणि मग खरी गोळी. मोटारीखाली कुत्रं मरावं तसं कोणी पाहणार नाही. म्हातारा पोराच्या दुःखानं गेला म्हणतील. त्या दिवसापासून त्यानं गोळी गिळणं सोडलं. त्याची वरची एक दाढ पडलेली होती, त्या खिंडीत कॅप्सूल नीट बसे. तोंड उघडलं, जीभ वर केली, तरी ती दिसत नसे. जेबाची पाठ वळली की तो ती काढून पुसे आणि ग्रीसच्या रिकाम्या डब्यात टाकी. डबा दुकानात, मोडक्या पंपांच्या मागे. पुरावा म्हणून.

दुकान त्यानं त्याच निमित्तानं पुन्हा उघडलं होतं. लोकांना वाटलं, चाचा सुधरला. फवारणीचे दिवस होते, पंप यायला लागले. कोणी नोझल तोंडाकडे नेलं की गफ्फार ते हिसकावून घेई आणि तारेनं साफ करी, इतकाच बदल होता. एका ट्रकच्या आरशात त्यानं आपले डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीएवढ्या नव्हत्या. चांगल्या मोठ्या होत्या. विष असतं तर त्या आवळल्या असत्या, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? क्षणभर त्याचं अंग सैल पडलं. तेवढ्यात ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, आणि त्याच्या मनात आलं की आता गोळी आपण गिळतच नाही, तर बाहुल्या आवळतील कशाला? म्हणजे गोळीच विष होती. त्याची खात्री सुटली आणि दुप्पट होऊन परत आली.

तरी त्यानं एक कॅप्सूल खिशात घालून बबनरावांचं औषधाचं दुकान गाठलं. बबनरावांनी ती चष्म्याजवळ धरली. "डोक्याची गोळी हाय, गफ्फारभाई. चांगली हाय. घाम आणते, पोट बिघडवते, पहिले पहिले माणूस बेचैन होते. पंधरा-वीस दिवस कळ काढा." मग आवाज उतरवून म्हणाले, "जवान माणसाले दिली तर घरात भांडनं लागतात, बायको म्हणते याचं चित्त दुसरीकडं हाय. तुम्हाले ते भेव नाही." ते स्वतःच हसले. गफ्फारनं विचारलं, "तुमच्याकडून गेली का ही?" "माह्याकडून नाही. पण पाहिली हाय. तुमची सून मागच्या हिवाळ्यात घेऊन आलती दाखवाले. खरी का खोटी, घ्याची का नाही म्हणून."

मागच्या हिवाळ्यात. गफ्फारला यवतमाळला नेलं ते उन्हाळ्यात. मागच्या हिवाळ्यात ही गोळी त्याच्या घरात होती. तो खाटेवर भिंतीकडे पाहत पडला होता, आणि जेबाच्या ओढणीच्या गाठीत ही कॅप्सूल होती. फिरोजच्या कबरीवरची माती बसली नव्हती तेव्हापासूनची ही तयारी होती. आता सगळे जुने दिवस मागे जाऊन पुन्हा रचले गेले. जेबाचे फुटलेले ओठ, तिचं सारखं पाणी पिणं, नजर चुकवणं. हिवाळ्यात एकदा ती चुलीपुढे बसल्या बसल्या घामानं भिजली होती. आणि आता तर ती उभी राहताना भिंत धरायची, भांडं तिच्या हातून निसटायचं, कशफनं हाक मारली तरी दचकायची. एकदा कपडे वाळत घालताना तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं, जणू आत काही तुटलं. गुन्हा माणसाला असाच खातो. गफ्फारला तिची दयासुद्धा आली. पोरगी आहे, तिला हे झेपत नाही, ढाणकीच्या तिच्या भावानंच तिला शिकवलं असणार.

जेबाचा भाऊ नौशाद ढाणकीला मोटारसायकलींचं गॅरेज चालवायचा. महिन्यातून एकदा यायचा, दुकानाच्या दारात उभा राहून आत पाहायचा. "चाचा, जागा मोक्याची हाय," असं एकदा म्हणाला होता. आणि फिरोजला जाऊन साल पुरं व्हायच्या आधीच त्यानं विषय काढला होता की जेबाची उमर काय, तिला घेऊन जातो, चांगलं ठिकाण पाहतो, पोरगीही येईल सोबत. जेबाच तेव्हा म्हणाली होती, "मी अब्बाले सोडून जात नाही." गफ्फारला ते तेव्हा बरं वाटलं होतं. आता त्याच वाक्याला दुसरा वास येऊ लागला. तो एसटीडीच्या दुकानात गेला आणि ढाणकीला फोन लावला. "नौशाद, तुह्या बहिणीले घेऊन जाय. माह्यासमोर घेऊन जाय." फोन ठेवला तेव्हा त्याला आठवलं की कशफही जाईल. तो रस्त्यात उभा राहिला. पोरगी आता उर्दूतल्या अलिफ, बे च्या पुढची अक्षरंही शिकली होती. दुकानातल्या धुळीवर बोटानं काढायची. पण घरात विष असेल तर पोरगी दूर असलेली बरी, असं म्हणून त्यानं स्वतःला चालतं केलं. ती उद्यापासून दिसणार नाही, हे मात्र पायाला कळलं होतं. पाय उचलत नव्हता.

नौशाद दुसऱ्या दिवशी दुपारी जीप घेऊन आला. लालसिंग पंपाचा पट्टा बसवायला आलेला होता, तो उठून जायला लागला, गफ्फारनं त्याला बसवलं. "बसा, लालसिंगभाऊ. गवाही पाहिजे." जेबाला घरातून बोलावलं. ती ओढणी सावरत आली, दाराची चौकट धरून उभी राहिली. कशफ तिच्या पायामागे. गफ्फारनं मोडक्या पंपांमागून ग्रीसचा डबा काढला आणि जमिनीवर उपडा केला. हिरव्या-पांढऱ्या कॅप्सूल घरंगळल्या. काहींचा रंग उतरला होता, काही एकमेकींना चिकटल्या होत्या.

"काय देऊन राह्यली तू मले?" गफ्फार म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "माह्या पोराले जे झालं तेच मले होऊन राह्यलं. घाम, थरथर, पोट. मी आंधळा नाही. मी पाहेल हाय हे सारं."

"गफ्फारभाई!" लालसिंग उभा राहिला. "डोकं फिरलं का तुमचं? लेकीवानी सून हाय तुमची."

"तुम्ही चूप बसा. ही गोळी मागच्या हिवाळ्यात हिच्याजवळ होती, बबनरावाले विचारा. माही दवा सुरू व्हाच्या पहिले! कायले होती? कोणासाठी होती?"

जेबा गफ्फारकडे पाहत नव्हती. ती जमिनीवरच्या कॅप्सूलांकडे पाहत होती. हळूच खाली बसली, एक उचलली, बोटांत फिरवली.

"अब्बा," ती म्हणाली, "ह्या माह्या होत्या."

पंपातून हवा सुटावी तसं काहीतरी दुकानातून सुटून गेलं. गफ्फारला लगेच कळलं नाही, आणि मग सगळंच एकदम कळलं. मागचं सगळं रचलेलं पुन्हा मोडून पुन्हा रचलं गेलं, पण आता नीट. हिवाळ्यातली गोळी तिची होती. नवरा तिचाही गेला होता. सगळं घर म्हाताऱ्याच्या दुःखाभोवती बसलं होतं, आणि ही रुक्माबाईसंगं चुपचाप यवतमाळला जाऊन आली असणार. फुटलेले ओठ, घाम, थरथरणारी तबकडी. ते तिच्या गोळीचे नखरे होते. मग धर्मादाय दवाखान्यात या कॅप्सूल कमी आल्या असतील, एकालाच पुरतील एवढ्या, आणि तिनं आपल्या वाट्याच्या त्याला दिल्या. स्वतःच्या एकदम तोडल्या. बाई काय म्हणाली होती? चक्कर. डोक्यात वीज. रडू. भिंत धरून उभी राहणारी जेबा. वाळत घातलेल्या कपड्यांमधे डोकं धरलेली जेबा. फिरोजच्या तोंडात बोट घालून ओलं-कोरडं ओळखणारा तो, एका घरात राहून सुनेच्या अंगावरचं काही त्याला वाचता आलं नव्हतं. आणि तिनं तोडून दिलेल्या गोळ्या त्यानं ग्रीसच्या डब्यात टाकल्या होत्या.

"माह्या म्हंजे?" नौशाद पुढे आला. त्याचा आवाज चढला. "तू कायची गोळी खाते? पागलखान्याची? ह्या कारणानं येत नव्हती का तू? पोरगी कोणाजवळ ठेवून राह्यलो आपण, चाचा, अशा बाईजवळ?"

जेबाचा हात मागे गेला आणि कशफच्या डोक्यावर थांबला. तिनं गफ्फारकडे पाहिलं. किती दिवसांनी सरळ पाहिलं. त्या नजरेत काही मागणं नव्हतं. मागून काही मिळतं हे ती विसरली होती.

"माह्या म्हंजे तिनं आणलेल्या," गफ्फार म्हणाला. "माह्यासाठी. समजलं का? पागल मी हाव. मी खातो. ते पोरगी चांगली हाय, म्हणून मले सांभाळून राह्यली." नौशाद काही बोलायला गेला, तर त्यानं हात वर केला. "अन् हिवाळ्यात आणली ती बी माह्यासाठीच. मी तवा ऐकत नव्हतो. विचार लालसिंगभाऊले."

लालसिंगनं एकवार गफ्फारकडे, एकवार जेबाकडे पाहिलं. रुक्माबाईनं नवऱ्याला किती सांगितलं होतं कोण जाणे. "हो ना," तो म्हणाला. "हे म्हातारं लय हट्टी. बैल बरा. फोन बी यानंच केला, अन् आता लेकीवानी सुनेले रडवून राह्यला. जा बापू, गाडी वळव. चहा पिऊन जा, पण गाडी वळव."

"काल तर तुम्हीच म्हणाले घेऊन जाय," नौशाद कुरकुरला.

"काल मी गोळी घेतली नव्हती," गफ्फार म्हणाला, आणि लालसिंग मोठ्यानं हसला. हसता हसता त्यानं डोळे पुसले.

गफ्फार जेबासमोर आला. "आजची दे." तिनं ओढणीची गाठ सोडली. कॅप्सूल एकच होती. ती तिनं त्याच्या तळहातावर ठेवली, तिची बोटं गार होती. त्यानं ती तोंडात टाकली, पाणी न घेताच गिळली. मग कोणी न सांगता तोंड उघडलं. जीभ वर केली. आणि बोटानं गाल बाजूला ओढून ती दाढेची खिंड तिला दाखवली. "पाह्यलं? इथं ठेवत होतो. आता पाहत जाय." जेबानं पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी ती पाहतच राहिली, जणू तिथं खरंच काही राहिलं नाही ना याची खात्री करायची होती. "उद्या यवतमाळले जाऊ," गफ्फार हळूच, फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. "दोघं. तुह्या बी आणू. तिथं नसल्या तर बबनरावाकडून घेऊ." कशफ खाली बसून सांडलेल्या कॅप्सूल रंगानुसार लावत होती, हिरवं टोक एका बाजूला, पांढरं एका बाजूला. लालसिंगनं तिच्यासमोरून त्या गोळा केल्या आणि डब्यात भरून डबा आपल्या पिशवीत टाकला. "ह्या खड्ड्यात पुरतो," तो म्हणाला. "लेकराच्या हाताजवळ नको."

यवतमाळच्या दवाखान्यात दोघं एकाच बाकावर बसले. सगळ्या वाटेनं एसटीत गफ्फार काही बोलला नव्हता. खिडकीतून दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी, कापसाची उभी रोपं दिसत होती, पाठीवर पंप घेतलेली माणसं ओळींमधून चालत होती, आणि एका धुऱ्यावर एक जण नोझल तोंडाजवळ नेताना दिसला तेव्हा गफ्फार खिडकीतून हात काढून ओरडला होता, "फुंकू नको!" गाडीतली माणसं वळून पाहायला लागली. जेबानं त्याचा हात धरून आत घेतला आणि सोडला नाही. संशय गेला होता असं नाही. बाईच्या टेबलावरच्या गोळ्यांच्या पाकिटांकडे गफ्फारची नजर गेली की तो अजूनही डोकं वर काढून पाहत होता, पण आता त्याला बसायला कोणी खाट देत नव्हतं.

डॉक्टरीणबाईनं दोघांना पाहिलं, जेबाला आधी तपासलं, गोळी एकदम तोडल्याबद्दल दोन शब्द ऐकवले. गफ्फारचा घाम, थरथर विचारली. हळूहळू कमी होईल म्हणाली. मग लेखणी खाली ठेवून तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, घरात कोण वारलं, कधी, आणि उत्तराची वाट न पाहता लेखणी पुन्हा उचलायला हात पुढे केला.

गफ्फारची जीभ टाळूला लागली. ती ओली होती.

"माहा मुलगा," तो म्हणाला. "हिचा नवरा. फिरोज. सोळा सप्टेंबर दोन हजार पाचले, शुक्रवारी, असरच्या नमाजाच्या वक्ताले वारला."